मिउरा की डेटोना?

आमच्या पुस्तकांच्या कपाटात ज्ञानेश्वरीशेजारी दोन इटालियन मोटारी उभ्या असत. अर्थात वीतभरही नसलेल्या, खेळण्यातल्या. मुंजीच्या दिवशी भाच्याने त्यांतली एक मागितली आणि आम्ही पेचात पडलो.

लाल ती फेरारीची डेटोना, १९६८ साली पॅरिसच्या प्रदर्शनात अवतरलेली. पिवळी ती लॅम्बोर्गिनीची मिउरा, १९६६ सालची. दोघींची इंजिने बारा सिलिंडरांची. डेटोनाचे ४.४ लिटरचे इंजिन पुढे व गिअरबॉक्स मागे, त्यामुळे भार दोन्हीकडे वाटला जातो आणि लांबच्या वाटेवर ती स्थिर धावते. मिउराचे ३.९ लिटरचे इंजिन चालकाच्या पाठीशी, तेही आडवे! पेट्रोलची टाकी मात्र पुढे. ती रिती होत गेली की भरवेगात गाडीचे नाक हलके पडते. प्रवासास डेटोनाच घ्यावी, हा आमचा निःसंदिग्ध कौल. परंतु मार्चेल्लो गांदिनीने रेखाटलेली ती मिउरा! स्पेनमधल्या झुंजार बैलांच्या पैदाशीचे नाव धारण करणारी, आणि दिव्यांभोवती चक्क पापण्या!

भाच्याला डेटोना दिली. तिचे गुणही सविस्तर सांगितले.

“मग मामा, तुम्ही हीच का नाही ठेवलीत?”

आम्ही कपाटाचे दार लावून घेतले.