भिंतीवरचे डाग

शनिवारी दिवस कलायला लागला की मी देवळाची किल्ली घेऊन निघतो. आमच्या भागातली जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतात आणि मलाही तोच शब्द जवळचा वाटतो. नेवाशापासून दहा-बारा किलोमीटरवरचं हे गाव. एका अंगाला मुळेच्या कालव्याचं पाणी पिणारा ऊस, दुसऱ्या अंगाला कांद्याची वावरं, आणि मधे काळ्या दगडाचं, पत्र्याच्या छपराचं आमचं देऊळ. आत बाकं नाहीत. शहाबादी फरशी, तिच्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या, समोर लाकडी व्यासपीठ, त्याच्या उजव्या हाताला पेटी, तबला आणि झांजांची जोडी.

शनिवारचं झाडणं मी स्वतःकडे ठेवलं आहे. दिवसभर तापलेला पत्रा निवताना मधूनच कडकतो. हंगाम चालू असेल तर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत येतो. सतरंज्या झटकायच्या, उद्याच्या गीतांचे आकडे फळ्यावर लावायचे, ‘उपासनासंगीता’च्या सुटलेल्या पानांना खळ लावायची. एवढं झालं की काम संपतं आणि मला हवा असतो तो अर्धा तास उरतो.

भिंती चुन्याच्या आहेत. जमिनीपासून साधारण दोन हातांवर, तिन्ही बाजूंनी, तेलाचे डाग आहेत. माणसं टेकून बसतात, डोक्याचं तेल चुन्याला लागतं. प्रत्येकाची जागा ठरलेली, म्हणून प्रत्येकाचा डागही ठरलेला. कोपऱ्यातला मोठा, तपकिरी डाग नव्वदीला टेकलेल्या आजींचा. दाराशी तीन डाग जवळजवळ आहेत, ते लेकुरवाळ्या बायकांचे. पोर रडलं की पटकन बाहेर पडता यावं म्हणून त्या तिथे बसतात. पुरुषांच्या बाजूला खिडकीखाली एक डाग बराच वर आहे. त्या माणसाचे गुडघे वाकत नाहीत, तो खुर्ची घेतो.

मी वही घेऊन एकेका डागापाशी जातो. वहीत नावांची यादी नाही, फरशीचा नकाशा आहे. ज्याची जागा जिथे, त्याचं नाव तिथे, आणि नावाखाली त्याने मला त्या आठवड्यात सांगितलेली गोष्ट. त्या जागेवर उभं राहून मी नाव उच्चारतो आणि ती गोष्ट देवापुढे ठेवतो. कांद्याला भाव मिळू दे. बोअरला पाणी लागू दे. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिची फी भरली जाऊ दे. म्हैस तिसऱ्यांदा उलटली. जावई प्यायचा थांबू दे. देवळात कधीच न येणाऱ्या शेजारच्या माळकरी म्हाताऱ्याचीही एक ओळ आहे. तो रस्त्यात भेटला की म्हणतो, “साहेब, आमचंबी जरा घाला त्याच्या कानावर.” त्याला जागा नाही, म्हणून त्याचं नाव मी उंबऱ्यावर लिहिलं आहे.

पहिली दोन-तीन वर्षं मला या कांद्याचा संकोच वाटायचा. सेमिनरीत मी ग्रीक धातू घोकले होते, कृपेच्या सिद्धांतावर निबंध लिहिला होता. मनासमोर होते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. दोन वर्षांनी ते गेले. पंचविशीत मला त्यातलं फक्त सोडणं दिसायचं, आणि तसं काही सोडून देण्यासाठी हात शिवशिवायचे. आता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ उघडलं की मी दुसरीकडेच रेंगाळतो. त्या घरात येत राहिलेल्या, जेवलेल्या, मुक्कामाला राहिलेल्या माणसांपाशी. लक्ष्मीबाईंनी किती जणांची पानं मांडली असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि टिळकांच्या मागे राहिलेलं अपुरं ‘ख्रिस्तायन’ही त्यांनीच पुरं केलं.

हिशेबाचा प्रश्न मात्र मला विचारला गेला आहे. एका बैठकीत माझ्या कामाचा अहवाल वाचून झाल्यावर एकाने विचारलं, “मंडळीची संख्या किती वाढली?” वाढली नव्हती, घटली होती. तरुण पिंपरी-चिंचवडला गेले, काही मुंबईला. नाताळात देऊळ ओसंडतं आणि जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी समोर पंधरा-वीस माणसं असतात. मी खाली मान घालून बसलो होतो. परतताना एसटीत अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आठवले. १८१३ साली ते मुंबईत उतरले, मराठी शिकले, बाजारात आणि देवळांच्या पारांवर लोकांशी बोलले, नव्या कराराच्या भाषांतरात राबले, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या फेरीत पटकीने गेले. तेरा वर्षांत पदरात पडलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांचा अहवाल त्या बैठकीत कसा वाचला गेला असता, हे मनात आलं आणि छातीवरचं काहीतरी हललं. इथून जवळच्या वडाळ्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिशनरी सॅम्युएल फेअरबँक वर्षानुवर्षं राहिले. त्या राहण्याबद्दल मला त्यांच्या कोणत्याही उपदेशापेक्षा जास्त कुतूहल आहे. रोज सकाळी उठून त्याच धुळीत, त्याच माणसांत जायचं, हे कसं जमवलं असेल त्यांनी?

मराठीने आम्हाला दिलेला शब्द मी पुष्कळदा उलटसुलट करून पाहतो. पाळक. आपण गुरं पाळतो, शब्द पाळतो, उपास पाळतो. पाळण्यात लेकरू निजतं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, आज केलं म्हणून उद्या सुट्टी नाही. शहरातल्या एका मोठ्या मंडळीत जाण्याची संधी मला आली होती. तिथे घर बरं होतं, पगार वेळेवर होता, मुलांच्या शाळेची सोय होती. घरी आम्ही दोघांनी चार रात्री त्यावर बोलून काढल्या. पैशाची ओढ होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. नको म्हटलं ते कुठल्या त्यागाच्या भावनेने नव्हे. इथल्या एका माणसाने मला नुकतंच काही शिकवलं होतं आणि ते अजून पुरतं शिकून झालं नव्हतं.

तो दमेकरी होता. पुरुषांच्या बाजूला, व्यासपीठापासून तिसरी जागा त्याची. मुलगा पिंपरीहून निघाला होता, पण पावसाने वाट अडली. रात्री अकराला त्याच्या बायकोने मला बोलावलं. मी बायबल घेऊन गेलो. कोणतं स्तोत्र वाचायचं हे वाटेतच ठरवलं होतं. पण त्याला आडवं होता येत नव्हतं. बसलं की श्वास यायचा आणि बसायला आधार लागायचा. उश्या घसरत होत्या. मग मी त्याच्या मागे खाटेवर बसलो आणि तो माझ्या खांद्याला टेकला. रात्रभर तसाच. बायबल कोनाड्यात राहिलं. मी मोठ्याने एकही शब्द बोललो नाही. माझा हात बधिर झाला, मग हात आहे हेही कळेनासं झालं. पहाटे कधीतरी त्याचं डोकं एकदम जड झालं. मला रडू आलं, आणि त्याच क्षणी आत इतकं शांत वाटलं की त्या शांततेचीच लाज वाटली. नंतर लाज गेली. समाधान हा शब्द मी व्यासपीठावरून शेकडो वेळा उच्चारला होता, त्याची चव मला त्या खाटेवर कळली.

आमच्या नेवाशात एक खांब आहे. शके १२१२ मध्ये त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, असं परंपरा मानते. मी त्या खांबापाशी अनेकदा जाऊन बसलो आहे. लोक येतात, पाषाणाला हात लावतात, कपाळ टेकतात. मंदिर त्या खांबाभोवती उभं राहिलं. सांगणाऱ्याने ज्याला पाठ लावली, तो दगडही लोकांनी सातशे वर्षं सांभाळला. मला त्यात नवल वाटत नाही.

गेल्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, तरुण मंडळींनी पिंपरीहून पैसे जमवून पाठवले. भिंतींना ऑइल पेंट लावू, म्हणाले, डाग पडणार नाहीत, पडलाच तर ओल्या फडक्याने पुसता येईल. त्यांचा जीव आहे या देवळावर, म्हणून मी त्यांना हळूच सांगितलं की छपराचे पत्रे गळतात, पैसे तिकडे घालू. भिंतींना चुनाच दिला. नाताळात सगळं पांढरंशुभ्र होतं. जानेवारीतल्या शनिवारी मी वही घेऊन कोऱ्या भिंतींपुढून फिरलो, नकाशावरून.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, दिवसांत कोपऱ्यातल्या आजींचा डाग पहिल्यांदा उमटला. मग दाराशी. व्यासपीठापासून तिसरी जागा मात्र रिकामीच होती. पावसाळ्यापासून तिथे कुणी बसलेलं नव्हतं.

मार्चमधल्या एका रविवारी त्या दमेकऱ्याची बायको उशिरा आली. बायकांची बाजू ओलांडून ती सरळ पुरुषांच्या बाजूला गेली आणि त्या जागेवर, पदर सावरून, भिंतीला टेकून बसली. पेटीवाल्याचे सूर क्षणभर थांबले आणि पुन्हा सुरू झाले. कुणी काही बोललं नाही. ती अजून तिथेच बसते.

त्या आठवड्याच्या शनिवारी मी वहीत तिचं जुन्या जागेवरचं नाव खोडलं आणि त्याच्या नावाशेजारी लिहिलं. मग खिडक्या लावल्या, दिवा घालवला आणि कुलूप ओढून पाहिलं.