चार बोटांचं अंतर

जंगलात फोटो काढायला जाते म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "वाघ दिसला का?" तो नुकताच ताडोबा करून आला असेल तर प्रश्नाला जरा जास्तच धार असते. माझं जंगल म्हणजे येऊर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. तिथे वाघ नाहीत. बिबटे आहेत, पण ते मला पाहत असतील. मी काही त्यांच्या वाट्याला जात नाही. मी ज्यांच्या मागे असते ती मंडळी अंगठ्याच्या नखावर मावतात, आणि त्यांच्यासाठी जी लेन्स वापरते ती मुळात त्या कामाची नाहीच.

ती बाबांची. त्यांच्या पेंटॅक्स के-१००० वरची ५० मिलिमीटरची साधी लेन्स. त्या कॅमेऱ्यात कसलेही लाड नव्हते. बॅटरी लागायची ती फक्त प्रकाश मोजणारा काटा हलायला, बाकी सगळं हाताने. ३६ फोटोंचा रोल गणपतीत घातला तर धुऊन यायचा दिवाळीनंतर, कारण मधल्या बारशांसाठी बाबा फोटो राखून ठेवायचे. "हलू नका" हे आमच्या घरात जितक्यांदा बोललं गेलं, तितक्यांदा "जेवायला चला"सुद्धा बोललं गेलं नसेल.

कॉलेजच्या निसर्ग मंडळातल्या एका दादाने एकदा ती लेन्स कॅमेऱ्यातून काढली, पाठमोरी केली आणि तिचं पुढचं तोंड कॅमेऱ्याला टेकवून सगळं माझ्या हातात दिलं. बाहीकडे बघ म्हणाला. बाहीच्या सुताचा एकेक पीळ दिसत होता. समोरचं अख्खं अंगण इवल्याशा फिल्मवर उतरवणं हे लेन्सचं नेहमीचं काम. पाठमोरी धरली की ती हेच काम उलट्या दिशेने करते, इतकंच. हाताने किती वेळ धरणार, म्हणून ४९ मिलिमीटरची एक रिंग मिळवली; एका बाजूला फिल्टरचे आटे, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची खाच. पुढे मध्ये एक पोकळ नळी घातली. मग फोटो आणखी मोठा येऊ लागला, पण किडा आणि काच यांच्यातलं अंतर उरलं जेमतेम चार बोटं.

या चार बोटांनी मला चालायला शिकवलं. आज बाजारात १०० मिलिमीटरच्या खास मॅक्रो लेन्स मिळतात. त्या जरा लांबून तेवढाच मोठा फोटो देतात. फुलपाखरांसाठी त्याच सोयीच्या. पण लांबून काम भागलं की माणूस धसमुसळा राहतो. माझ्या लेन्सला ते परवडत नाही. सूर्य पाठीशी घेऊन गेलं तर आपली सावली आधी पोचते आणि चतुर उडतो. गवताचं एक पातं हललं तरी टाचणी दुसऱ्या काठावर. म्हणून उजाडताना जायचं. दव वाळेपर्यंत किड्यांची अंगं गार असतात, उडायला ऊन लागतं त्यांना. वाकून, मग गुडघ्यांवर, मग कोपरांवर. लेन्सची फोकसची रिंग इथे फारशी कामाची नाही, आपणच मिलिमीटरभर मागेपुढे व्हायचं. एफ-११ ला आणलं की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो, म्हणून आधी उघड्या डायफ्रॅमवर डोळा टिपायचा, मग खटके मोजत रिंग फिरवायची, आणि या सगळ्यात श्वास विसरायचा.

पाटोणपाड्याच्या वाटेवर अशी आडवी पडलेली असताना डोक्यावर मोळी घेतलेल्या एका आजींनी विचारलं होतं, "काय हरवलं का गं बाई?" मी कारवीच्या पानावरचा कोळी दाखवला. त्यांनी मोळी उतरवली, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा तर आमच्या कुडावर रोज असतो." आणि मोळी उचलून गेल्या. कूडही कारवीचाच असणार.

तो उड्या मारणारा कोळी होता. हा जाळं विणून भक्ष्याची वाट पाहत बसत नाही, बघून झेप घेतो, त्यामुळे त्याचं सगळं काही डोळ्यांत आहे. आठांपैकी समोरचे दोन टपोरे. फुलपाखरू लेन्सला घाबरतं, हा लेन्सकडे वळतो. मी डावीकडे सरकले, तो डावीकडे फिरला. मी थांबले, तोही थांबला. त्याच्या डोळ्याचं भिंग जागचं हलत नाही, आतला पडदा हलतो. म्हणून माझ्याकडे पाहताना डोळा काळाभोर दिसायचा आणि नजर दुसरीकडे गेली की मधाच्या रंगाचा व्हायचा. काळा, मध, पुन्हा काळा. मग त्याने पुढच्या दोन पायांनी तोंड पुसलं आणि सरळ लेन्सच्या कडेवर उडी मारली. फोटो अर्थातच नाही. २०२१ मध्ये ठाण्यातल्या अशाच एका नव्या कोळ्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांचं नाव मिळालं, इसिअस तुकारामी. ते वाचल्यापासून येऊरमध्ये कुठल्याही कोळ्याला नुसतं 'कोळी' म्हणून पुढे जायची मला हिंमत होत नाही.

येऊरची कारवी आठ वर्षांनी फुलते. २००८ च्या बहरापर्यंत माझ्या हातात डिजिटल कॅमेरा आला होता, दुसऱ्याच कंपनीचा. पण पाठमोऱ्या लेन्सला कंपनीशी देणंघेणं नसतं. नवी रिंग आणली की झालं. रोलचा हिशेब संपला आणि नवे हट्ट सुरू झाले. मृगाचा किडा, तो पहिल्या पावसात मातीतून वर येणारा लाल मखमली जीव, डिजिटलला झेपत नाही. त्याचं लाल सपाट होऊन जातं, मखमलीचा केस न् केस हरवतो. उजेड मुद्दाम कमी घ्यावा लागतो. २०१६ च्या बहरात वाटेवर माझ्यासारखे पालथे पडलेले बरेच जण होते. २०२४ मध्ये तर रांगच.

गर्दीचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते चिमट्याचं. किडा फ्रिजमध्ये गार करून पानावर ठेवायचा, गोगलगायीवर बेडूक बसवायचा, आंबोलीतल्या रात्री चापडा साप काठीने उचलून "चांगल्या" फांदीवर मांडायचा. असे फोटो झकास येतात, बक्षिसंही मिळवतात. पण बेडूक आपणहून गोगलगायीवर का बसेल, हे विचारायचं सुचत नसेल तर जंगलात कशाला यायचं? लग्नाच्या हॉलमध्ये फोटो काढावेत. तिथे सगळे सांगाल तसे उभे राहतात.

२०२० मध्ये येऊर बंद झालं आणि एक कुंभारीण आमच्या विजेच्या बोर्डात आली. प्लगच्या रिकाम्या भोकात तिने घर धरलं. स्वतःएवढी हिरवी अळी कवटाळून यायची, अळी जिवंत पण लुळी. ती आत ढकलायची आणि पुढच्या खेपेला निघायची. आत तिचं अंडं. पिल्लाला ताजं अन्न मिळावं म्हणून हा खटाटोप. बाबा तेव्हा ऐंशीच्या पुढे, खुर्ची ओढून शेजारीच बसायचे. मातीची गोळी घेऊन ती भोक लिंपायला लागली, डोकं भोकात, पोट थरथरत. मी श्वास धरला, तेवढ्यात बाबा तिला म्हणाले, "हलू नकोस!" तिने मनावर घेतलं नाही. फोटो हललेला आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो. बोर्डाचा तो प्लग पुढे बरेच दिवस आम्ही वापरला नाही. मिक्सर बेडरूममध्ये फिरवला.

गेल्या पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरली. ठाण्याची हवाच तशी. दुरुस्तीवाल्याने टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, हिला खोलण्यापेक्षा दुसरी घ्या." भाची तिथेच होती. तिने फोन काचेला जवळजवळ चिकटवला. हल्लीचे फोन दोन सेंटिमीटरवरूनही मॅक्रो काढतात. काचेच्या कडेपासून आत सरकलेले पांढरे तंतू, एकाला फुटलेले चार, चारांना फुटलेले आणखी. फोटो उत्तम होता, मान्य करायला हवं. तिने तो जीव ओळखणाऱ्या ॲपवर चढवला. ॲपने आधी ठिकाण विचारलं. आम्ही दोघींनी जरा विचार करून लिहिलं, ठाणे पश्चिम.