चार हात जमीन

आपल्या समाजात ‘विहार’ हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. चातुर्मास संपला की पूज्य साधू-साध्वीजी विहाराला निघतात आणि श्रावक-श्राविका गावाच्या वेशीपर्यंत पोहोचवायला जातात. दोन-चार किलोमीटर चालून आपण परततो; त्या मात्र पुढे चालतच राहतात. चालणे हे व्रत असू शकते हे आपण अशा रीतीने रोज पाहतो. पण स्वतःच्या सुटीचा विचार करताना प्रथम गाडीचे आरक्षण आठवते. डोंगरदऱ्यांत जायचे तेही ‘पॉइंट’पाशी उतरून छायाचित्रे काढण्यासाठी. गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस मी व माझा भाचा असे दोघे चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात पाच दिवस पायी हिंडलो. त्या पाच दिवसांनी चालण्याविषयी, आणि त्याहून अधिक आपल्या व्यापारधर्माविषयी, मला जे दाखवले ते लिहावेसे वाटते.

या भागातील डोंगर सह्याद्रीसारखे अंगावर येणारे नाहीत. टिपागड, पलसगड, सूरजागड, भामरागड ही नावे गडांची असली, तरी दुरून पाहता त्या निळसर, एकामागून एक पसरलेल्या टेकड्या दिसतात. त्यांचे वैभव उंचीत नसून अरण्यात आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. त्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग आजही वनाखाली आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, तेंदू, मोह, चार आणि सर्वत्र बांबू. फाल्गुनात पानगळ झालेली असते, पळस पेटल्यासारखा फुललेला असतो आणि कुसुमाला तांबडी कोवळी पालवी फुटू लागते.

येथे कोठेही पायी हिंडता येत नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, अंधारी अभयारण्य १९८६ चे. १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभाक्षेत्रात पर्यटकाने वाहनातून उतरायचे नसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच प्रकल्पात पायी सर्वेक्षण करणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. रोज पायी चालणे हे जिचे कर्तव्य होते तिची ही गत. तेथे आपण हौसेने पाऊल टाकण्याचा प्रश्नच नाही. म्हणून आम्ही चालण्यासाठी गडचिरोलीतील अशी वने निवडली, जेथे गावकरी स्वतः रोज जातात, आणि त्यांची अनुमती व सोबत घेऊनच गेलो.

आरंभ मात्र भद्रावतीच्या दर्शनाने केला. स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथांची ही मूर्ती विसाव्या शतकाच्या आरंभी झाडीत, भग्न अवशेषांत सापडली, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. अरण्याने जिला सांभाळले अशी ती प्रतिमा. तिच्या मस्तकावरचा फणांचा छत्रविस्तार पाहताना कमठाची कथा आठवणे स्वाभाविक होते. कमठ पंचाग्नी तप करीत होता. लोक त्याच्या तेजाने दिपले होते. कुमार पार्श्वांनी मात्र जळत्या लाकडाकडे पाहिले आणि आत सर्पयुगुल होरपळत आहे हे ओळखले. तपस्वी सर्वांना दिसत होता. लाकडाच्या आतला जीव एकालाच दिसला. ही कथा मी बालपणापासून ऐकली आहे. पुढच्या दोन दिवसांत ती मला प्रत्यक्ष भूमीवर वाचायला मिळाली.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे गाव. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही येथील घोषणा महाराष्ट्रभर गाजली. वनाधिकार कायद्यान्वये २००९ मध्ये या गावाला सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबू वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने घ्यायचे. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा करायची, ही त्यांची पद्धत आहे. आपण अनेकान्तावर व्याख्याने ऐकतो; येथे दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश आहे असे मानून गावाचा कारभार चालतो.

आमच्यासोबत आलेले दादा साठीचे असावेत. पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. वाळलेल्या सागपानांचा थर इतका जाड की प्रत्येक पाऊल कडाडून वाजत होते. भाचा नेहमीच्या वेगाने पुढे जाऊ लागला, तेव्हा दादा म्हणाले, “पाय हळू ठेवा जी. खाली कोण आहे ते पाहून ठेवा.” त्यांना साप, विंचू अभिप्रेत होते. मला मात्र ईर्यासमिती ऐकू आली. समोरची चार हात जमीन पाहत, जीव चुकवत चालावे, हा मुनींचा नियम मी पाठ केला होता. तो पाळताना शरीराचे काय होते हे ठाऊक नव्हते. वेग आपोआप निम्मा होतो. बोलणे थांबते. लाल मुंग्यांची रांग, वारुळाची ओली माती, पानाच्या रंगाचा नाकतोडा, कोळ्याचे दवाने भरलेले जाळे, सारे एकेक करून दिसू लागते. सावधपणे चालणारा माणूस कमी अंतर कापतो आणि अधिक पाहतो, हे तासाभरात कळले.

मोहाची झाडे आली तेव्हा उजाडत होते. मोहाचे फूल तोडावे लागत नाही. रात्री उमलून ते पहाटे स्वतःच गळते आणि बायामुले टोपल्या घेऊन ते वेचतात. हे पाहताच भाच्याला पाठशाळेतील चित्र आठवले: षट्लेश्यांचे जांभळाचे झाड. सहा भुकेले वाटसरू झाडापाशी येतात. कृष्णलेश्येचा म्हणतो, झाडच उपटू. नीललेश्येचा म्हणतो, खोड तोडू. मग फांदी, मग घोस, मग केवळ पिकलेली फळे. आणि शुक्ललेश्येचा सहावा म्हणतो, खाली पडलेलीच वेचू. “आत्या, हा तर सहावा माणूस!” तो हर्षाने म्हणाला.

परंतु थोडे पुढे काळी पडलेली जमीन लागली. फुले नीट दिसावीत म्हणून काही लोक मोहाखालचा पालापाचोळा जाळतात. ती आग पसरते आणि वणवा होतो. सरपटणारे जीव, जमिनीवरील अंडी, उगवते अंकुर यांची राख होते. दादांनी काठीने ती राख उकरून दाखवली व म्हणाले, “आम्ही झाडून घेतो जी. जाळलं तर पुढं उगवणार काय?” फूल तेच, वेचणेही तेच, एक माणूस झाडू वापरतो आणि दुसरा काडी ओढतो. कमठाच्या लाकडाकडे पार्श्वकुमारांनी जसे पाहिले, तसे पालापाचोळ्याकडे पाहणारा डोळा असेल तरच यातले अंतर समजते. आपली लेश्या आपण काय घेतो यावरून पुरती ठरत नाही. ते कसे घेतो यावरून ठरते.

आपल्याकडे मद्य, मांस व मधु यांचा त्याग श्रावकाचा मूलगुण मानला जातो. अरण्यातील जीवनात या तिन्हींना स्थान आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आम्ही आमचा नियम पाळला: सूर्यास्तापूर्वी भात व वरण, उकळलेले पाणी, आणि कांदा-लसूण नको एवढी विनंती. यजमान घरातील माउलीने ती विनंती कपाळावर आठी न घालता मान्य केली. आम्हीही त्यांच्या चुलीकडे न्यायाधीशाच्या दृष्टीने पाहिले नाही. दारूच्या विरोधात या गावाने स्वतः विचार करून निर्णय घेतला आहे. मधाच्या बाबतीतही, धूर-जाळ करून माशा मारण्याऐवजी पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापण्याची रीत गावाने शिकून घेतली. मध आपण घेणार नाही. परंतु जो घेतो त्याने हिंसा कमी करण्यासाठी पाऊल उचलले, तर त्या पावलाचा आदर करणे हेही अहिंसेचेच अंग नव्हे काय?

चौथ्या दिवशी टिपागडाची चढण होती. माथ्यावर जुन्या गडाच्या दगडी तटाचे अवशेष आहेत आणि डोंगराच्या कुशीत एक तलाव आहे. चढताना भाच्याने तो विषय काढला, ज्यासाठी खरे तर तो माझ्यासोबत आला होता.

माझ्या भावाचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे. खनिज वाहून नेण्याचा एक मोठा करार त्यांच्यासमोर होता. पाच नव्या गाड्या घ्याव्या लागणार होत्या. कर्ज तीन वर्षांत फिटले असते. भावाचे मन तयार होते. भाच्याला झोप येत नव्हती. माझ्या आजोबांनी एकदा जंगलतोडीचा ठेका नाकारला होता, ही गोष्ट घरात अभिमानाने सांगितली जाते. तीच त्याच्या मनात रुतली होती.

आगमात आनंद श्रावकाच्या कथेसंदर्भात पंधरा कर्मादाने येतात, म्हणजे श्रावकाने टाळावेत असे व्यवसाय. आपण ती प्रतिक्रमणात भरभर म्हणून जातो. त्या चढणीवर आम्ही ती सावकाश उच्चारली. अंगारकर्म, म्हणजे कोळसा पाडणे. वनकर्म, म्हणजे जंगल तोडून विकणे. स्फोटकर्म, म्हणजे भूमी फोडणे, खणणे. लाक्षावाणिज्य, म्हणजे लाखेचा व्यापार. दावाग्निदान, म्हणजे रान पेटवणे. सरोवर-तलाव शोषण, म्हणजे जलाशय कोरडे करणे. आम्ही दोघेही थबकलो. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी जणू या दोन जिल्ह्यांसाठीच केली होती. चंद्रपूरच्या कोळशाच्या खाणी, २९२० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद, सूरजागडचे लोहखनिज, बल्लारशाहच्या आगारातील सागवान: सारे त्या यादीच्या कक्षेत येते.

भाचा मात्र सहजासहजी मान डोलावणारा नाही. तो म्हणाला, “आत्या, त्याच यादीत भाटककर्मही आहे. गाड्या भाड्याने चालवणे. म्हणजे आपले घर ज्यावर चालते तेच निषिद्ध. आणि वीज आपण वापरतोच. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही २०२३ मध्ये येथूनच सागवान गेले. आपण करार नाकारला, तर दुसरा घेईल. एकही झाड वाचणार नाही. मग नाकारण्याचा अर्थ काय?”

या प्रश्नाला सुभाषिताने उत्तर देता येत नाही. मी बराच वेळ गप्प चालले. माथा आला. तलावाचे पाणी उन्हाळा तोंडावर असूनही स्थिर होते. काठच्या चिखलात हरणांच्या खुरांचे ठसे होते. तेथे बसल्यावर मला सुचले ते असे. कर्मादाने सातव्या व्रताच्या, भोगोपभोग परिमाणाच्या, अंतर्गत सांगितली आहेत. परिमाण म्हणजे माप. गृहस्थाला महाव्रत सांगितलेले नाही, अणुव्रत सांगितले आहे. म्हणून त्याच्यापुढचा प्रश्न ‘हिंसा शून्य कशी होईल’ हा नसून ‘माझी रेषा कोठे’ हा आहे. जांभळाच्या झाडापाशी सहा माणसे आहेत, दोन नव्हेत. आज जो फांदी तोडतो त्याला उद्या घोसापर्यंत येता येते. मेंढ्याचे लोक बांबू तोडतात. परंतु किती आणि कसा, हे आधी बसून ठरवतात. २०१३ मध्ये त्यांनी ग्रामदान कायद्यानुसार जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा ठराव केला. परिग्रहाचे परिमाण याहून स्पष्ट कोणते? “दुसरा घेईल हे खरे,” मी म्हणाले, “पण दुसऱ्याची लेश्या तुझ्या खात्यावर लिहिली जात नाही. तुझी लिहिली जाते.”

तो पाण्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे गाड्या बंद करायच्या नाहीत. कशासाठी चालवायच्या त्याची हद्द ठरवायची.”

घरी परतल्यावर बाप-लेकांची तीन-चार दिवस चर्चा झाली. मी मुद्दाम त्यात पडले नाही. करार झाला नाही. व्याजाचा दर वाढला होता, हेही त्यामागचे एक कारण होते; सारे श्रेय धर्माला देणे खरे होणार नाही. मात्र भावाने वहीत धान्य, किराणा, बांबू, बांधकाम साहित्य अशी नावे लिहून खाली रेघ ओढली आणि रेघेखालचा माल आपल्या गाड्यांत चढणार नाही असे ठरवले. त्या महिन्यात एक गाडी काही दिवस उभी राहिली. त्या तोट्याविषयी घरात कोणी कुरकुर केली नाही.

सुटीच्या काळात मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती एवढीच आहे. एखादी सुटी पायी घालवावी. पूर्व विदर्भात जायचे तर माघ-फाल्गुनात जावे; चैत्राच्या मध्यानंतर येथील ऊन सोसवत नाही. सकाळी दहापर्यंत चालावे, दुपारी सावलीत बसावे. वनविभागाची व ग्रामसभेची अनुमती घ्यावी, गावातीलच वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याचा मेहनताना घासाघीस न करता द्यावा. प्लास्टिक नेऊ नये. नेलेच तर परत आणावे. आणि मुलांना पंधरा कर्मादाने पाठ करून घेण्यापूर्वी एकदा मोहाखालची राख दाखवावी, एकदा तलावकाठचे ठसे दाखवावेत. ज्या रानातून आपण पायी गेलो आहोत, त्याचा सौदा करताना हात थोडा तरी थांबतो.