सात माणसं आणि माळशेजची चढण

सुप्याहून पारनेरकडे गाडी वळली की नगर-पुणे रस्त्यावरच्या ट्रकांची रांग मागे पडते. श्रावणात पवनचक्क्यांची पाती ढगात शिरून परत बाहेर येत असतात. आम्ही माळशेजला निघालो होतो, पण नुसता पाऊस बघायला नव्हे. घरात आई-अण्णा, आत्या, आम्ही दोघं आणि दोन मुलं. सात जणांची गाडी घ्यायची हे ठरलं होतं. इंजिन कोणतं आणि गिअर कसले, यावर मात्र घरात एकमत होत नव्हतं. म्हणून पुण्याचे साडू त्यांची सीएनजी अर्टिगा घेऊन आले आणि पारनेरला मामेभाऊ त्याची 2021 ची डिझेल ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टा घेऊन थांबला. सगळ्यांची बायका-मुलं धरून चौदा माणसं झाली, दोन्ही गाड्या भरल्या. मला हेच हवं होतं. चालवून बघायला गाडी मिळते तेव्हा आत दोन-तीन माणसं असतात आणि रस्ता सपाट असतो. सात माणसं आणि त्यांचं सामान म्हणजे साडेचारशे-पाचशे किलो. एवढं वजन आत नसताना केलेली पारख सात जणांच्या घराला काय कामाची?

हंगा गेलं, पारनेर गेलं. कान्हूर पठारावर वाटाण्याची शेतं दोन्ही बाजूंना हिरवी होती. टाकळी ढोकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा आईला मी दोन्ही गाड्यांत पुन्हापुन्हा चढ-उतार करायला लावलं. तिचे गुडघे दुखतात. अर्टिगाची बैठक खाली आहे, ती दाराला धरून सरळ आत बसली. क्रिस्टा चासीवर बांधलेली, त्यामुळे तिची जमीन उंच. आईने आधी पायरीवर पाय ठेवला, मग वरची मूठ धरली आणि अंग वर खेचून घेतलं. पण एकदा बसल्यावर म्हणाली, "इथनं रस्ता चांगला दिसतो रे."

बसण्याची मांडणी कागदावर वाचून मला कधी नीट कळली नव्हती. अर्टिगात पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. सात सीटच्या क्रिस्टात पुढे दोन, मध्ये दोन सुट्या खुर्च्या आणि मागे तीन. आमच्या घरात मागे जाणार दोन मुलं आणि सोबत त्यांची आई, म्हणजे क्रिस्टाची मांडणी चपखल. मधल्या सुट्या खुर्च्यांवर आई आणि आत्या अगदी ऐसपैस. अर्टिगात मागे मुलं छान मावली, पण सीएनजीची टाकी डिकीत, मग सात जणांच्या पिशव्या कुणाच्या तरी पायाशीच येतात. आत्याच्या पायाशी फराळाचा डबा होता, तो तिने माळशेजपर्यंत तसाच सांभाळला.

टाकळीपासून नगर-कल्याण रस्ता लागतो. आणे ओलांडल्यावर घाटाचा उतार आहे. इथे मी अर्टिगा चालवत होतो. तिसरा गिअर टाकून पाय सोडला की इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकवर फार पाय द्यावा लागत नाही. हाताच्या गिअरचं हे सुख खरं आहे. गुळुंचवाडीला उतरून नैसर्गिक पूल बघितला. ओढ्याच्या पाण्याने खडक खालून कोरून काढलाय आणि वर दगडाचा अख्खा पूल उरलाय. बाजूला मळगंगेचं देऊळ. मुलांना तिथून हलवायला फार वेळ लागला.

पुढे बेल्हे. अण्णा पूर्वी इथल्या बाजारात बैल घ्यायला येत. म्हणाले, "दावणीला उभा बैल बघून कुणी पैसे देत नसे. जुंपायचा, ओझ्याला लावायचा, चढ दाखवायचा." माझ्या मनात सकाळपासून जे चाललं होतं ते अण्णांनी नेमकं सांगितलं.

आळेफाटा, ओतूर, आणि मग पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसलं तसा पाऊस वाढला. माळशेजच्या माथ्यावर धुकं इतकं की पुढच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसत होते. धबधब्यांखाली माणसं भिजत होती, कणसं भाजण्याचा वास येत होता, आणि वाहनं मुंगीच्या पावलाने सरकत होती. आम्ही मुद्दाम पायथ्यापर्यंत उतरलो आणि परत फिरलो. खरी परीक्षा चढणीची होती.

चढताना पुन्हा अर्टिगा माझ्याकडे. दीड लिटरचं इंजिन. पेट्रोलवर ताकद शंभर पीएसच्या थोडी वर, सीएनजीवर 88 च्या आसपास. साडूंनी आधीच सांगितलं, "घाटात मी बटण दाबून पेट्रोलवर घेतो." घेतली. दुसऱ्या गिअरला गाडी चढत होती, पण रांग थांबली की क्लच, हँडब्रेक, अर्धा क्लच, पुन्हा थांबा. माथ्यावर पोचेपर्यंत डावा पाय भरून आला. साडूंचं रोजचं जाणं-येणं पुण्यात, तिथे सीएनजीचं गणित त्यांना फायद्याचं पडतं आणि ते बरोबरच आहे. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 चे धुराचे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल बंद केलं, नाहीतर डिझेल अर्टिगा हा आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा पहिला पर्याय होता.

माथ्यावरून पुन्हा खाली जाऊन क्रिस्टा वर आणली. 2.4 लिटरचं डिझेल, 150 पीएस, आणि टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, 360 न्यूटन-मीटर; अर्टिगाच्या अडीचपटीहून जास्त. ऑटोमॅटिक आहे टॉर्क कन्व्हर्टरचा. त्यात इंजिन आणि गिअरपेटी यांच्यामध्ये तेल असतं. थांबलेल्या गाडीचा ब्रेक सोडला की ते तेलच गाडीला हळूच पुढे रेटतं, त्यामुळे चढावर मागे घसरण्याची धास्ती फार कमी. सात माणसं आत होती आणि इंजिनाचा आवाजसुद्धा चढला नाही. माझी बायको स्टिअरिंगवर बसली, तिनेही निम्मा घाट चालवला. घरात गाडी चालवणारे आम्ही दोघंच, म्हणून तिचं मत माझ्याइतकंच मोलाचं.

अडचण अशी की 2023 पासून नवी क्रिस्टा फक्त हाताच्या गिअरची मिळते. ऑटोमॅटिक हवी तर हायक्रॉस: पेट्रोल, किंवा पेट्रोलसोबत बॅटरीची हायब्रिड. शहरातल्या थांबत-चालत गर्दीत हायब्रिडला तोड नाही, उतारावर ब्रेक लावताना वाया जाणारी शक्तीही ती बॅटरीत साठवते. पण आमची गाडी शहरात कमी, नगर-पुणे रस्त्यावर जास्त पळणार. एएमटी प्रकारचा ऑटोमॅटिक मी आधीच सोडून दिला; त्यात क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबतं, आणि भरल्या गाडीला चढावर हिसके बसतात.

राहिलं डिझेल. बीएस-6 डिझेलला काजळी अडवणारी गाळणी असते आणि ती साफ व्हायला गाडी अधूनमधून एका वेगाने बराच वेळ पळावी लागते. एमआयडीसीत माझं रोजचं जाणं दुचाकीवर होतं आणि गाडी दर आठवड्याला पुण्याला जाणार, तेव्हा ती अडचण आम्हाला नाही. महाराष्ट्रात डिझेल गाडीवर रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा जास्त लागतो, तो मी मनाशी धरलाय. डिझेल ऑटोमॅटिक म्हणून आता टाटा सफारी मनात आहे. तिच्यात दोन लिटरचं डिझेल, 170 पीएस, 350 न्यूटन-मीटर, आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे. ते इंजिन आमच्याच रस्त्यावर, रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनत आलंय. मागे मात्र दोनच जण बसतील, मध्ये तीन. म्हणजे आई आणि आत्या यांच्यामध्ये कुणीतरी बसणार. आत्या म्हणाली, "धाकट्याला घेईन मी माझ्याजवळ."

उंच पायरीचं आईचं काय, हे अजून बघायचंय. पुढच्या रविवारी सफारी चालवून बघायला मागितली आहे, आणि अट घातली आहे की कामरगावचा घाट चढायचा आणि आत आम्ही सातही जण असणार.