लॉबीतली झूल

'कॉन्ट्रा' या व्हिडिओ गेममधल्या दोघा गड्यांच्या अंगात शर्टच नव्हता. एकाची पँट निळी, दुसऱ्याची लाल, फरक काय तो एवढाच. बारामतीत आमच्या टीव्हीपुढे दादा निळा आणि मी लाल. गोळ्यांच्या गर्दीत कोण मेलं हे त्या पँटवरून कळायचं. म्हणजे कपड्याला काम होतं. मारिओचंही तेच. १९८१ मध्ये शिगेरू मियामोतो यांनी तो घडवला, तेव्हा पडद्यावर ठिपके मोजकेच मिळत. केस नीट दाखवता येईनात म्हणून टोपी आली, तोंड काढायचं टळावं म्हणून मिशा आल्या आणि हलणारे हात उठून दिसावेत म्हणून डांगरी. अडचणीतून निघालेलं हे रूप पुढे जगाच्या ओळखीचं झालं.

२००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचं चिलखत बेथेस्डा कंपनीनं अडीच डॉलरला विकायला काढलं. लोकांनी भरपूर टिंगल केली. पण साज वेगळा विकता येतो, हे धंद्याला उमगलं ते उमगलंच.

आता इंदापूरला बहिणीकडे गेलो की भाचा मोबाईल पुढे करतो.

"मामा, ही स्किन बघा. लॉबीत सगळी वळून बघत्यात."

"हिनं गोळी जोरात लागती का?"

"न्हाय ओ! तसं असलं तर चीटिंगच झालं की."

स्किन म्हणजे गेममधल्या गड्याचा पोशाख आणि लॉबी म्हणजे खेळ सुरू होण्याआधी जमायची जागा. सगळा धंदा त्यानं एका वाक्यात सांगितला. खेळ फुकट, ताकद सगळ्यांना सारखी, पैसे फक्त दिसण्याचे.

यात मला वावगं वाटत नाही. आमचे आजोबा पोळ्याला बैलांसाठी झूल आणत. तांबडं कापड, त्यावर आरसे, कडेनं गोंडे. शिंगांना हिंगूळ, वर बेगड, टोकाला पितळी शेंब्या. एवढं करून बैल नांगराला जास्त जोर लावत नव्हते. वेशीपाशी कुणीतरी "जोडी कुणाची?" म्हणून विचारावं, यासाठीच तो खर्च होता.

पण आजोबा झूल उलटीपालटी करून, टाका ओढून बघत आणि मग भाव पाडत. भाच्याच्या नशिबी हे नाही. आधी रुपये मोजून यूसी, म्हणजे गेममधले पैसे घ्यायचे, मग ते घालून क्रेट, म्हणजे बंद पेटी उघडायची. आत काय निघेल ते दैवावर. मनासारखा पोशाख निघेपर्यंत खिशातून किती गेले, हे यूसीच्या आकड्यांत ध्यानातच येत नाही. असल्या पेट्यांमधून काय निघण्याची शक्यता किती, हे जाहीर करणं चीननं २०१७ पासून कंपन्यांना भाग पाडलं. बेल्जियमनं तर २०१८ मध्ये त्यांतल्या काहींना सरळ जुगार ठरवलं.

शिवाय झूल आजोबांच्या पेटीत राहायची. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल या गेमवर भारतात बंदी आली आणि पोरांचे विकत घेतलेले कपडे टांगणीला लागले. पुढच्या वर्षी त्याच्या जागी बीजीएमआय आला, जुनं खातं वळवायची सोयही झाली. पण ती कंपनीनं दिली म्हणून.

पुण्याच्याच सुपरगेमिंग कंपनीनं २०२४ मध्ये 'इंडस' हा गेम आणला. त्यातल्या पात्रांची मोर-नी, सर-ताज ही नावं ऐकून भाच्याआधी मीच खूश झालो. आपल्याकडचा साज पडद्यावर येत असेल तर त्याचे पैसे जरूर घ्यावेत, मात्र माल दाखवून.

भाच्याला तेच सांगितलंय. किंमत लिहिलेली स्किन असेल तर वाढदिवसाला घेऊन देईन, क्रेटला रुपया मिळायचा नाही. तोंड वाकडं करून तो आत गेला आणि जरा वेळानं पुन्हा आला.

"मामा, कितीपातूर चालंल?"