पोटखराब

पोलादपूरहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट जेथे चढू लागतो, त्याच्या पायथ्याशी आमची वडिलोपार्जित अडीच एकर वरकस जमीन आहे. तिच्यातील चार गुंठे सातबाऱ्यावर पोटखराब म्हणून दाखल आहेत. कारण तेथे कातळ, करवंदीची जाळी आणि कंबरभर उंचीचे एक वारूळ यांवाचून काही नाही, आणि जेथे पीक नाही तेथे आकारणी नाही, हा महसुलाचा न्याय, आयुष्य सरकारी दप्तरात कारकुनी करण्यात गेल्यामुळे, मलाही सर्वथा मान्य होता.

निवृत्तीनंतर शेजारच्या तुकड्यात आंब्याची कलमे लावली, आणि चैत्रात पाहतो तो चार कलमांच्या सालीवर वाळवीने मातीचे लेप चढविलेले. संतापाच्या भरात महाडच्या बाजारातून क्लोरपायरिफॉस आणले, आणि वारूळ पहारीने फोडून आत ओतले. फोडताना आतून मेंदूसारख्या वळ्यांची, सच्छिद्र, करडी पोळी निघाली, आणि तिच्यावर मोहरीएवढे पांढरे मणी. ते पाहूनही माझा हात थांबला नाही.

ती वाळवीची शेती होती. वाळका पाला, गवत, काटक्या खाऊन आपल्या अर्धपचित विष्ठेची ती पोळी रचते. पाल्यातील जो कठीण काष्ठांश बहुतेक प्राण्यांस पचत नाही तो तेथली बुरशी फोडते, आणि मग जुनी झालेली पोळी वाळवी खाते. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये या बुरशीस टर्मिटोमायसेस हे नाव दिले. व्यवहार मात्र सुमारे तीन कोटी वर्षांचा. पर्जन्यकाळी हीच बुरशी मुळासारखा लांब देठ काढून भूमी भेदते, आणि तिलाच आपण अळंबी म्हणून चवीने खातो.

मृगाच्या सरींनंतर त्या वारुळातून पंख फुटलेली वाळवी उसळली की बेडूक, पाली, कोतवाल पक्षी यांची पंगत बसे. गोमा, आणि दुतोंडा साप समजून लोक ज्याला उगाच ठेचतात तो गरीब देवगांडूळही, त्याच मातीच्या आश्रयाने पोट भरीत.

त्या श्रावणात अळंबी आली नाही. बांधापलीकडची काकी म्हणाली, "तात्या, वाळवी मारलीत, आता अळंबी कुठनं यायची?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या श्रावणात तिने आपल्या वारुळावरची अळंबी पळसाच्या पानात बांधून पाठविली. आमच्या चार गुंठ्यांत हे तिसरे वर्ष, अद्याप काही उगवलेले नाही. सातबाऱ्यावरची नोंद पूर्वीचीच आहे, आणि आता ती खरी आहे.