अर्धं तिकीट आणि चिखलदऱ्याची एक रात्र

गेल्या आठवड्यात मी आणि बायको एक रात्र चिखलदऱ्याला राहून आलो. लग्नकार्य नव्हतं, देवदर्शन नव्हतं, दवाखान्याचं काम नव्हतं. थंडी पडली होती, दोघांना एकाच वेळी सुट्टी जमली, म्हणून गेलो. परत आल्यापासून पांढरकवड्यात ज्याला त्याला याचं कारण सांगावं लागतंय. म्हणून एकदाचं इथेच लिहितो.

पहिला प्रश्न शेजारून आला, "लेकरं नाही नेली?" दुसरा, "काहून, नवस होता का काही?" तिसरा एका ओळखीच्या शेतकऱ्याचा, "भाऊ, कापूस घरात पडून हाये, भाव नाही, अन् तुमाले फिरणं सुचते?"

पहिल्या दोघांना हसून उत्तर दिलं. तिसऱ्याला उत्तर द्यायला हवं, कारण त्याचं म्हणणं खोटं नाही.

वीस वर्षं या केळापूर तालुक्यात बातमीदारी करतोय. शेतकरी आत्महत्येच्या बातमीसाठी किती घरांत बसलो याचा हिशोब ठेवलेला नाही. घरी गेलं की फोटो मागावा लागतो. बहुतेक घरांत नवरा-बायकोचा एकत्र फोटो एकच निघतो, लग्नातला. त्यानंतर दोघं सोबत गेलेली असतात ती बँकेत, दवाखान्यात, फार तर माहूरला किंवा शेगावला, तेही सगळ्या घरादारासोबत. दोघांनीच बसून निवांत बोलल्याची जागा कुठे दिसत नाही. एक रात्र बाहेर राहिल्याने कर्ज फिटत नाही, हे मलाही कळतं. पण कर्जाचं बायकोला शेवटपर्यंत माहीतच नव्हतं, हे वाक्य मी फार वेळा लिहून घेतलंय.

आता चिखलदऱ्याचं बघा. विदर्भातलं हे एकमेव थंड हवेचं ठिकाण, उंची साधारण ११०० मीटर. शेजारचा गाविलगड डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून जिंकला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. १८२३ साली कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदरा शोधलं असं सांगतात. कोरकू आणि गवळी तिथे आधीपासून होतेच, पण शोधलं साहेबाने! मग बंगले आले, कॉफीची लागवड आली. वऱ्हाडच्या उन्हात माणूस पिचतो, त्याला उसंत लागते, हे इंग्रजाला बरोबर कळलं होतं. त्याने सोय केली, पण स्वतःपुरती.

आपल्यापर्यंत ती सोय अजून पोचायची आहे. पांढरकवड्याहून चिखलदरा साधारण अडीचशे किलोमीटर. यवतमाळ, अमरावती, परतवाडा असं करत, गाड्या बदलत आम्ही सकाळी सहाला निघालो ते दुपारी तीनला पोचलो. इंग्रजांच्या काळची यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर शकुंतला थेट डोंगराच्या पायथ्याशी नेऊन सोडायची. ती कापसासाठी टाकलेली होती आणि रमतगमत चालायची, पण गरिबाला परवडायची. तीही बंद पडली.

तरी आम्ही जाऊ शकलो ते कशामुळे? मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. बायको अंगणवाडी सेविका आहे, मानधन किती असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. जाण्याचा विषय तिनेच काढला, "अहो, माझं तर अर्धंच लागते." सरकारच्या या एका निर्णयाने माझ्या घरात सहलीची गोष्ट निघाली, हे मान्य करायलाच पाहिजे.

पुढची अडचण लॉजवर. बायकोच्या आधारवर अजून माहेरचं आडनाव. काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "साहेब, आडनाव वेगळं हाये न. लग्नाचा दाखला?" आमच्या दोघांच्या डोक्यावर पांढरे केस! सज्ञान जोडप्याने लॉजवर राहायला लग्नाचा दाखला दाखवावा, असा कायदा कुठेही नाही. बायको मान खाली घालून उभी होती, त्याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी मुलीच्या शाळेच्या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये सापडला, तेव्हा खोली मिळाली. शनिवारचा दर वेगळा.

रात्री दोन ब्लँकेट घेऊनही कुडकुडत होतो. बाहेर शेकोटी होती, गवळ्याकडची रबडी होती. आम्ही बोलत बसलो. ती म्हणाली, "घरी आपण फक्त हिशोबाचं बोलतो." किराणा, फी, आईचं औषध. खरंच आहे. त्या रात्री तिने कामावरचा एक त्रास सांगितला, जो दोन वर्षांपासून तिच्या मनात होता. सकाळी देवी पॉइंटला जाताना डोक्यावर सरपण घेतलेल्या कोरकू बाया दिसल्या. बायको म्हणाली, "यांले सुट्टी कोण देते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चिखलदऱ्यात सिडकोने ४०७ मीटर लांबीचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला. वनखात्याच्या परवानग्यांत तो बराच काळ अडकला. माझा त्याला विरोध नाही. पण त्यावर चालायला येणारा माणूस कारने येणारा असेल. आमच्या टिपेश्वरलाही वाघ बघायला हैदराबाद-पुण्याच्या गाड्या येतात आणि गावातला माणूस गेटवरून परत फिरतो, तसंच.

मागण्या छोट्या आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवारी एक थेट एसटी पांढरकवड्याहून सोडून बघा. सरकारी निवासात काही खोल्या कमी उत्पन्नवाल्यांसाठी ठरलेल्या दरात ठेवा. आणि प्रत्येक लॉजच्या काउंटरवर पाटी लावा, की ओळखपत्र पुरे, लग्नाचा दाखला मागायचा नाही. तिन्हींना मिळून त्या स्कायवॉकच्या एका खांबाएवढाही खर्च येणार नाही.

आणि त्या शेतकरी भावाला एवढंच सांगणं आहे: कापसाच्या भावासाठी मी लिहितोय, लिहीत राहीन. पण वेचणी संपली की वहिनीला घेऊन एक दिवस कुठेतरी जाऊन या. वहिनीचं तिकीट अर्धं आहे.